रक्त मागून येतं

माझ्या नातीचे पाय भिंतीवर होते, पाठ पलंगावर होती आणि डोकं पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होतं. वेण्या फरशीला टेकल्या होत्या. मी शेजारी खुर्ची टाकून तिला सतराचा पाढा विचारत होतो.

तेवढ्यात माझी बायको वाळलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन खोलीत आली आणि दारातच थांबली.

"अहो, हे काय चाललंय?"

"डोक्याकडे रक्त जायला हवं," मी म्हणालो. "गणिताच्या आधी पाच मिनिटं. शास्त्र आहे ते."

"आणि तुमच्या डोक्याकडे कधी जाणार?"

मी उत्तर दिलं नाही. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाने असल्या टोमण्यांना उत्तर द्यायचं नसतं. शिवाय उत्तर सुचलं नव्हतं.

"सतरा सक्कं?" मी नातीला विचारलं. ती लालबुंद चेहऱ्याने छताकडे बघत राहिली. "एकशे दोन!" मी म्हणालो. "सतरा साती? एकशे एकोणीस! बघ, किती सोपं आहे."

सोपं होतंच. सगळे पाढे मीच म्हणत होतो.

माझा सिद्धान्त असा होता: मेंदू म्हणजे दिवा आणि रक्त म्हणजे त्यातलं तेल. आधी तेल घाला, मग उजेड पडेल. हा दिवा मी पस्तीस वर्षं फळ्यावर काढला. माझ्या हाताखालून हजारभर मुलं गेली, त्यातल्या एकानेही कधी शंका काढली नाही. याचा अर्थ मी फार स्पष्ट शिकवतो असा मी लावला होता.

आता या उलट्या टांगण्याचं कारण सांगतो. नात दहा वर्षांची. तिच्या शाळेत प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या असतात. एक खालच्या मजल्यावर, आणि मागे पडणाऱ्या मुलांची वरच्या मजल्यावर. वर गेलेलं मूल पुन्हा खाली आलेलं कुणी पाहिलेलं नाही. नातीच्या वर्गशिक्षिकेने चिठ्ठी पाठवली होती, 'प्रश्न विचारला की गप्प राहते.' येत्या शुक्रवारी मुख्याध्यापिका स्वतः तिची तोंडी परीक्षा घेणार होत्या आणि त्यावर वरचा मजला की खालचा ते ठरणार होतं. खालच्या मजल्यावर तिची मैत्रीण होती. पहिलीपासून एका बाकावर बसलेली, एकच. नातीला दुसरी मैत्रीण नाही, आणि दुसरी करायला तिला किती वेळ लागेल याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल.

तयारीची जबाबदारी मी छातीवर हात मारून घेतली. माझी लेक, म्हणजे नातीची आई, जरा कुरकुरली होती. "बाबा, तिला घाई नका करू हं."

"घाई? मी?" मी म्हणालो. "माझ्यासारखा सबुरीचा माणूस दाखव एक."

बायको आतून खोकली. तिला सर्दी नव्हती.

माझी सबुरी ही घरात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, कारण मी ती वारंवार सांगतो. मी मुलांवर कधी ओरडलो नाही, कधी छडी घेतली नाही. नात उत्तराला वेळ लावायची तेव्हाही चिडलो नाही. उलट लाडाने तिला 'गोगलगाय' म्हणायला लागलो. शाळा सुटली की फाटकापाशी उभा राहून हाक मारायचो, "चल गं माझ्या गोगलगायी!" ती मान खाली घालून यायची. लाजते आहे, असं मला वाटायचं.

लेक इस्पितळात स्कॅनच्या यंत्रावर काम करते. तिथल्या एक तरुण डॉक्टरीण बाई म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूचा अभ्यास करत होत्या. विचार करताना मेंदूत रक्त कुठे आणि किती वाढतं, ते त्यांना बघायचं होतं. सत्तरी ओलांडलेली, धडधाकट माणसं त्यांना हवी होती. लेकीने मला विचारलं तेव्हा तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी हो म्हटलं. माझा मेंदू एकदा कुणीतरी नीट बघावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. सोमवारी नातीला अर्धी सुट्टी होती आणि बायकोला तिच्या बहिणीकडे जायचं होतं. म्हणून नातही आमच्याबरोबर आली.

"काका, अंगावरचं धातूचं सगळं काढायचं," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. मला 'सर' म्हणतील अशी अपेक्षा होती. घड्याळ काढलं, अंगठी काढली, पट्टा काढला.

"आणि दात," लेक म्हणाली.

माझ्या वरच्या पाच खोट्या दातांना तारेचा आकडा आहे. ते मी नातीच्या हातातल्या वाटीत ठेवले. त्यानंतर मी डॉक्टरीण बाईंना मेंदू आणि दिव्याची उपमा समजावून सांगायला सुरुवात केली, पण दात नसल्यामुळे ती फुसफुस बाहेर आली. त्या नम्रपणे मान हलवत होत्या. कळलं काहीच नसणार.

मला फळीवर झोपवलं. कानात बोळे घातले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंजाच्या उश्या ठोकून बसवल्या आणि तोंडावर पिंजऱ्यासारखं काहीतरी आणलं. त्यात एक छोटा आरसा होता, त्यातून पायाकडचा पडदा दिसायचा. उजव्या हातात दोन बटणं दिली. डाव्या हातात रबराचा एक फुगा दिला, लांब नळीला लावलेला.

"काही त्रास झाला तर हा दाबायचा," लेक म्हणाली. "बोलायचं नाही, बाबा. बोललात की डोकं हलतं आणि चित्र बिघडतं. पडद्यावर गणित दिसेल. उत्तर बरोबर असेल तर डावं बटण, चूक असेल तर उजवं. मग मध्ये मध्ये नुसती फुली दिसेल. फुली दिसली की आराम. काहीही विचार करायचा नाही."

"ते जमेल," मी म्हणालो.

यंत्र सुरू झालं. कुणीतरी कानाशी पत्र्याचा डबा बडवतोय असा आवाज. पडद्यावर पहिलं गणित आलं, अठरा अधिक सत्तावीस, पंचेचाळीस. डावं बटण! दुसरं गणित येऊ लागलं आणि त्याचा पहिला आकडा दिसताच मी बटण दाबून मोकळा झालो. मग फुली आली. आता विचार करायचा नाही. मी विचार न करायला सुरुवात केली. हे नातीला कसं समजावता येईल, असं मनात आलं. फळ्यावर यंत्राची आकृती काढायची, इथे माणूस, इथे आरसा. मग आठवलं की विचार करायचा नाही. मग असं वाटलं की विचार न करण्याबद्दल मुलांना एक छान धडा देता येईल. त्याचे मुद्दे काढत होतो, तेवढ्यात गणितं परत आली.

वीस मिनिटांनी मला बाहेर काढलं. पलीकडच्या काचेच्या खोलीत लेक डोक्याला हात लावून बसली होती. नात डॉक्टरीण बाईंच्या शेजारी उंच स्टुलावर, मांडीवर माझ्या दातांची वाटी.

"काका," डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "तुमचं काम आणि तुमचा आराम यांत काही फरकच सापडत नाही."

"अखंड चालू असतो," मी दात बसवत अभिमानाने म्हणालो.

"बाबा, ती शाबासकी नाहीये," लेक म्हणाली. "फरकच नसेल तर मोजणार काय? आणि तीस गणितांपैकी अकरा वेळा तुम्ही गणित पूर्ण दिसायच्या आधीच बटण दाबलंय. त्यातली सात चुकली."

"तुमचं यंत्र हळू आहे."

"यंत्र सगळ्यांसाठी सारखंच चालतं," लेक म्हणाली.

माझ्या मेंदूची नोंद अभ्यासातून गाळण्यात आली. डॉक्टरीण बाईंनी ते फार गोड शब्दांत सांगितलं. अंगठी बोटात घालताना मला वाटलं, सगळं आटोपलं. पण नात स्टुलावरून उतरेना. ती पडद्यावरच्या एका वेड्यावाकड्या रेषेकडे बघत होती. बघत होती, बघत होती, आणि मग तिने विचारलं, "ही रेघ उशिरा का वर जाते?"

डॉक्टरीण बाई तिच्याकडे वळल्या. "कुठली?"

"गणित इथे आलं ना? ही खूण. पण रेघ इथे नाही चढली. पुढे चढली."

"अगदी सुरुवातीचं गणित आहे हे, आजोबा नीट वागत होते तेव्हाचं," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "ही रेघ रक्ताची आहे. गणित दिसलं की मेंदूतल्या पेशी लगेच कामाला लागतात. पण ते काम आम्हाला या यंत्रात दिसत नाही. त्या पेशींसाठी जास्तीचं रक्त येतं, ते दिसतं. आणि ते मागून येतं. दोन सेकंदांनी यायला लागतं, पाच-सहा सेकंदांनी सगळ्यात जास्त असतं."

"म्हणजे आधी काम?"

"आधी काम, मग रक्त."

मी मध्ये पडलो. "पण आधी डोक्याकडे रक्त पाठवलं तर? म्हणजे समजा, कुणी पाय वर करून..."

"काही उपयोग नाही, काका. तुम्ही उभे राहा, झोपा, उलटे लटका, मेंदू आपल्यापुरतं रक्त बहुतेक सारखं राखतो. आणि त्यातलं कुठे जास्त जायचं ते कामावर ठरतं. उलटं टांगून फक्त चेहरा लाल होतो." त्या हसल्या. "कोण करतं असलं?"

नात माझ्याकडे बघत होती. तिने माझं नाव सांगितलं नाही. तेवढी ती माझ्यापेक्षा मोठी आहे.

"म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला पाच सेकंद काहीच दिसत नाही," ती सावकाश म्हणाली, "पण आत चालू असतं."

"अगदी बरोबर," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "असं इतक्या सोप्या शब्दांत मलाही सांगता येत नाही."

मी ते ऐकलं, आणि घरी जाताना बसमध्ये नातीला मेंदूचं वजन, त्याला लागणारा प्राणवायू आणि रक्तवाहिन्यांची नावं, असं सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

मंगळवारी आणि बुधवारी आम्ही जेवणाच्या टेबलावर तयारी केली, या वेळी डोकं वर ठेवून. एवढी सुधारणा मी केली होती. नातीची एक गोष्ट मला खटकली. मी प्रश्न विचारला की ती माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि मग वहीच्या शेवटच्या पानावर काहीतरी लिहायची. मला वाटलं, कंटाळली आहे.

बुधवारी संध्याकाळी मी म्हणालो, "बघू ती वही."

तिने वही माझ्यापुढे सरकवली. शेवटच्या पानावर आकडे होते, नीट ओळीत. एक. दोन. एक. एक. तीन, आणि पुढे कंसात 'खोकला'. एक. दोन. असे चाळीसेक.

"हे काय?"

"तुम्ही प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबता ते. मग तुम्हीच उत्तर सांगता."

"काहीतरीच! मी चांगला... " मी बायकोकडे वळलो. "अगं, सांग हिला. मी थांबतो की नाही?"

बायको टेबल पुसत होती. ती म्हणाली, "आपलं लग्न झाल्यापासून मी एक..."

"वाक्य पूर्ण केलेलं नाही, हेच ना? दर वेळी तेच..."

नातीने घड्याळाकडे बघितलं आणि वहीत एक आकडा वाढवला. तो शून्य होता.

हसलो मी, नाही असं नाही. पण नात हसत नव्हती.

"आजोबा, मला उत्तर येत असतं," ती म्हणाली. "आत चालू असतं. मग तुम्ही सांगून टाकता, आणि माझं पुसलं जातं. वर्गात बाईंचंही तसंच होतं. मग मी सुरूच करत नाही." ती थांबली. मी तोंड उघडलं आणि बायकोने ओलं फडकं माझ्या हातावर ठेवलं. मी तोंड मिटलं. "आणि मला गोगलगाय म्हणू नका."

"अगं, ते मी लाडाने..."

"तुम्ही फाटकापाशी ओरडता ना. वर्गात सगळे म्हणतात आता. ते लाडाने नाही म्हणत."

मला वाटायचं ती लाजते. पस्तीस वर्षं शिक्षक होतो. मान खाली घालणाऱ्या मुलांची कारणं ओळखण्यात आपला हातखंडा आहे, असं मी नव्या शिक्षकांना सांगत असे.

"नाही म्हणणार," मी म्हणालो. त्यापुढे एक लांब वाक्य तयार होतं, पण ते मी गिळलं. गिळण्याचा तो पहिलाच प्रसंग.

गुरुवारी आम्ही वेगळाच अभ्यास केला. नात शिकवायला आणि मी शिकायला. तिने कपाटातून कानात औषध घालायच्या पिचकारीचा जुना रबरी फुगा शोधून काढला आणि माझ्या डाव्या हातात दिला. "त्रास झाला की हा दाबायचा. बोलायचं नाही." मी प्रश्न विचारायचा आणि तिने उत्तर देईपर्यंत फुगा दाबत बसायचं. पहिल्या तासाला माझी बोटं दुखून आली. ती काही वेळा सात सेकंद घ्यायची, काही वेळा नऊ. नऊ सेकंद किती लांब असतात हे ज्याने कधी तोंड मिटून मोजलेले नाहीत त्याला सांगून कळणार नाही. उत्तरं दहापैकी आठ बरोबर आली. ती आठही उत्तरं मी यापूर्वी तिच्याऐवजी देऊन टाकली होती.

"पण उद्या मुख्याध्यापिका थांबल्या नाहीत तर?" बायकोने विचारलं.

नात विचारात पडली. आम्ही दोघं थांबलो. माझा फुगा दोनदा फुसफुसला.

"मग मी त्यांना सांगेन," ती म्हणाली.

शुक्रवारी लेकीची ड्यूटी होती, म्हणून मी गेलो. मुख्याध्यापिकांच्या खोलीत एक मोठं टेबल, त्यावर फायलींचे ढीग आणि समोर दोन खुर्च्या. नात एकीवर बसली, तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. "पालकांनी बसायला हरकत नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पण मध्ये बोलायचं नाही." मी मान डोलावली. डावा हात कोटाच्या खिशात होता.

बाहेर आणखी सहा मुलं बसलेली होती, त्यामुळे बाई घाईत होत्या. वाईट नव्हत्या, घाईत होत्या. मी तो चेहरा ओळखतो, आरशात पाहिलेला आहे.

"एका बाकावर तीन मुली बसतात," त्या म्हणाल्या. "वर्गात अडतीस मुली आहेत. सगळ्यांना बसवायला किती बाक लागतील?"

बारा! माझ्या डोक्यात लख्ख उत्तर आलं. तीन बारे छत्तीस. बारा, बारा. जीभ दातांमागे, त्या तारेच्या दातांमागे, धडका देत होती. मी फुगा आवळला. एक सेकंद. दोन. नात टेबलाच्या कडेकडे बघत होती. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला काहीही दिसलं नसतं.

"येत नसेल तर पुढे जाऊ," बाई म्हणाल्या आणि पेन कागदाकडे नेलं.

"थांबा," नात म्हणाली. आवाज लहान होता, पण होता. "चालू आहे."

बाईंचं पेन अडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू हे मी शिकवलं असावं. खिशातून फुस्स असा आवाज आला. मी खोकल्याचं सोंग केलं, पण ते उशिरा केलं.

चार. पाच. सहा.

"तेरा," नात म्हणाली. "बारा बाकांवर छत्तीस होतात. दोघी उभ्या राहतील. त्यांना एक बाक द्यायला हवा." मग जरा थांबून, "त्या दोघी मैत्रिणी असल्या तर बरं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्या हातातून फुगा सुटला. माझ्या बारा बाकांच्या वर्गात त्या दोन मुली उभ्याच राहिल्या होत्या.

पुढे त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले. प्रत्येक वेळी त्या थांबल्या. पहिल्यांदा कष्टाने, मग थोड्या कमी कष्टाने. एक उत्तर साफ चुकलं, नदीच्या उगमाचं. बाकी बरोबर आली. शेवटी बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "खालच्याच वर्गात राहू दे." नातीने पाय हलवले, एवढंच.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही शिक्षक होतात ना?"

"पस्तीस वर्षं."

"मग मला एक सांगा. वर्गात चाळीस मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. प्रत्येक प्रश्नानंतर इतका वेळ थांबायचं, तर ते जमवायचं कसं?"

शिकवण्याबद्दल मला कुणीतरी सल्ला विचारला होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. माझ्याकडे उत्तरं तयार होती, तीन तरी असतील, उपमेसकट. मी तोंड उघडलं. शेजारी नातीने भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली.

मी थांबलो. पहिलं उत्तर दुसऱ्या सेकंदाला विरघळलं. दुसरं तिसऱ्याला. तिसरं जरा चिवट होतं, ते दिव्याचं होतं. तेही गेलं. मागे एवढंच उरलं.

"मला माहीत नाही, बाई," मी म्हणालो. "मी कधी थांबलोच नाही."

बाई काही बोलल्या नाहीत. बराच वेळ बोलल्या नाहीत. आत काय चालू होतं ते बाहेरून दिसत नव्हतं.

नातीने दप्तरातून वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि माझ्या नावाखाली लिहिलं, सहा.